किनाऱ्यावरचे दुसरे घर

१९३० साली हाती नोकरी नसलेले सालिम अली अलिबागजवळच्या किहीम गावी, समुद्राकाठच्या कौटुंबिक घरात येऊन राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी तिचे निरीक्षण केले. नर एक घरटे अर्धवट बांधतो, मादीने ते पसंत केले म्हणजे पुरे करतो आणि लगेच दुसरे बांधावयास घेतो, असे त्यांना आढळून आले. हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतीय पक्षिशास्त्रातील एक महत्त्वाचे काम अशा रीतीने एका दुसऱ्या घरात राहून झाले, आणि त्याचा विषयही एका अर्थी दुसरे घर हाच होता, हा योगायोग मौजेचा खरा.

किहीम, आवास, सासवणे, थळ, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्याला अष्टागर असे जुने नाव आहे. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मुंबईच्या काही सुखवस्तू कुटुंबांनी येथे घरे बांधली होती, ती संख्येने थोडी, कौलारू व वाडीच्या सावलीत दडलेली अशी असत. मे महिन्यात आणि दिवाळीत मंडळी येत, विहिरीचे पाणी रहाटाने काढीत आणि परत जात. मुंबईला आपल्या गजबजाटापासून दूर असे काही हवे असले म्हणजे तिची दृष्टी खाडीपलीकडे अलिबागकडे वळे, हेही नवे नव्हे. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला हलविण्यात आली. विजेच्या प्रवाहामुळे तेथील नाजूक उपकरणांची नोंद बिघडली असती.

आज याच गावांतून फिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उंच दगडी भिंती, लोखंडी फाटके आणि फाटकाशी बसलेला राखणदार दिसतो. आत हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि बहुतेक दिवस कुलूप. या घराला पर्यटनशास्त्रात ‘दुसरे घर’ म्हणतात. जेथे माणूस कायमचा राहत नाही, पण जे त्याच्या मालकीचे असून विश्रांतीसाठी अधूनमधून वापरले जाते, ते दुसरे घर. हॉटेलातील पाहुणा दोन दिवसांनी जातो, त्याची खोली दुसऱ्याला मिळते. दुसऱ्या घराचा मालकही दोन दिवसांनी जातो, पण त्याची जमीन, विहीर आणि भिंत गावात वर्षभर राहते. या फरकामुळे दुसऱ्या घरांच्या परिणामांचा विचार सर्वसाधारण पर्यटनाहून वेगळा करावा लागतो.

मांडव्याला मुंबईहून लाँचने जेमतेम तासभर लागतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असत आणि चार महिने हा किनारा पुन्हा गावकऱ्यांचा होई. १५ मार्च २०२० रोजी भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंत मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. जे गाव सुट्टीचे होते ते आता शनिवार-रविवारचे झाले आहे. जमिनीच्या किमती अशा वेळी कोणत्या दिशेला जातात हे सांगावयास नको.

परंतु जमीन विकली जाते म्हणजे काय होते हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी १९३३ मध्ये कुळांनी खोतांची जमीन कसावयाची नाही असे ठरविले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते पडीक राहिली, माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि कसणारा मालक झाला. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमाने, शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकता येणार नाही असे बंधन घातले. हेतू असा की, एका दाराने बाहेर काढलेला सावकार दुसऱ्या दाराने आत येऊ नये.

शहरातील खरेदीदाराने या बंधनातून वाट काढली. कोठेतरी शेतकरी असल्याचा दाखला मिळवावा, किंवा जमीन बिनशेती करून घ्यावी, किंवा शेतघर या नावाखाली बंगला उभा करावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतघराला जी मुभा आहे ती शेतकरी, त्याचे नोकर, गुरे, अवजारे व धान्य यांच्यासाठी आहे. पोहण्याचा तलाव यांपैकी कशात मोडतो, हा प्रश्न विचारावयाचे धाडस तलाठ्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. विकणाऱ्या शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही. भाताच्या एका पिकावर आणि त्यामागून घेतलेल्या पांढऱ्या कांद्यावर मुलांची शिक्षणे होत नाहीत, आणि एका गुंठ्याला मिळणारी किंमत त्याने जन्मात पाहिलेली नसते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तो पिकविणाऱ्या शेतांना कसले मानांकन नाही.

आता पाण्याकडे वळू. किनाऱ्यावरील दुसऱ्या घरांचा सर्वांत खोल परिणाम डोळ्यांना न दिसणारा आहे.

समुद्राकाठच्या वाळूत व सच्छिद्र थरांत पावसाचे गोडे पाणी मुरते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. गोडे पाणी एकक घनतेचे धरले तर समुद्राचे पाणी सुमारे १.०२५ भरते. या लहानशा फरकातून एक मोठा नियम निघतो. घायबेन या डच व हेर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने तो स्वतंत्रपणे मांडला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत पोचतो. वरवर पाहता ही निसर्गाची कृपा होय. परंतु हाच हिशेब उलटाही चालतो. उपशामुळे पातळी पंचवीस सेंटिमीटरने, म्हणजे वीतभराहून थोडी अधिक, खाली गेली तर तळाचे खारे पाणी कालांतराने सुमारे दहा मीटर वर सरकते. कोकणातील खडक बेसाल्टचा, त्यातील पाणी भेगांतून वाहणारे, त्यामुळे प्रत्येक विहिरीला हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. पण किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यात त्याचे स्वरूप असेच असते. एकदा खारी झालेली विहीर पुढल्या एका पावसाने गोडी होईल असा भरवसा नाही.

जुन्या वाडीवाल्याला हे गणित ठाऊक नव्हते, पण त्याची व्यवस्था गणिताला धरून होती. विहीर उथळ आणि रुंद. रहाटाला लावलेली पोहऱ्यांची माळ बैल फिरवी तितकेच पाणी वर येई. बैल थकला की उपसा थांबे. पाटाने पोफळीच्या बुंध्याशी गेलेले पाणी बरेचसे त्याच वाळूत परत मुरे. चौल व नागाव भागातील जुनी तळी-पोखरणी पावसाचे पाणी धरून ठेवीत. आता कूपनलिका आणि विजेचा पंप यांना थकवा नाही.

नमुन्यादाखल दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा एक मध्यम आकाराचा तलाव घेऊ. त्यात पंचाहत्तर हजार लिटर पाणी मावते. ग्रामीण भागात नळपाण्याची योजना आखताना माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी धरतात. म्हणजे हा तलाव एकदा भरण्यास लागणारे पाणी पाच माणसांच्या कुटुंबाला नऊ महिने पुरेल. तलाव रोज भरत नाहीत हे खरे. पण उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरले तरी पन्नास चौरस मीटर पृष्ठभागावरून अडीचशे लिटर पाणी दररोज उडून जाते, आणि ते भरून काढावे लागते. त्याच कुटुंबाचा दिवसाचा वाटा पावणेतीनशे लिटरचा. बंगल्यात कोणी राहत नसले तरी त्याचा तलाव एका कुटुंबाइतके पाणी पितो, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा गावची विहीर तळ दाखवीत असते. हिरवळीचा हिशेब मी येथे धरलेलाच नाही.

वापरलेल्या पाण्याचे काय होते हाही प्रश्न आहेच. या खेड्यांत भुयारी गटारे नाहीत. प्रत्येक घराचा आपापला शोषखड्डा किंवा मैलाटाकी. वाळूत घरे तुरळक असताना हे चालून जाते. शेजारी शेजारी मोठे बंगले झाले आणि सुट्टीच्या तीन दिवसांत प्रत्येकात वीस-पंचवीस पाहुणे उतरले म्हणजे टाकी आणि विहीर यांतील अंतर पुरेसे राहत नाही.

वाळूच्या कथेत एका वेलीला मोठे स्थान आहे. भरतीरेषेच्या वरच्या बाजूस जांभळ्या फुलांची जी वेल सरपटत असते तिला मराठीत मर्यादवेल म्हणतात. समुद्राने येथवर यावे, माणसाने तेथवर जावे, अशी जणू तिची खूण. तिच्या व केवड्याच्या मुळांनी वाळू धरून ठेवली जाते आणि टेकड्या तयार होतात. समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट केली, वेल उपटून हिरवळ लावली आणि पुढे भिंत बांधली, की लाटेचा जोर वाळूत जिरण्याऐवजी भिंतीवर आदळून पायथ्याची वाळू ओढून नेतो. शेजारच्या मोकळ्या किनाऱ्याची धूप वाढते, मग शेजारीही भिंत बांधतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर येथील पोफळी-नारळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. मुंबईतील मालकाला आपले छप्पर विमा आणि बचत यांतून पुन्हा घालता येते. पोफळ धरावयास मात्र पुढली कित्येक वर्षे जावी लागतात.

भिंतीमुळे आणखी एक गोष्ट अडते, ती म्हणजे वाट. कोळ्यांच्या होड्या ओढण्याची, जाळी पसरण्याची, वलांडीवर बोंबील वाळत घालण्याची जागा सातबाऱ्यावर बहुधा कोणाच्याच नावे नसते. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट हाच तिचा पुरावा. दोन बंगल्यांच्या मधून समुद्रावर जाणारी पाखाडी बंद झाली म्हणजे नकाशावर काहीच बदलत नाही.

या साऱ्यावर शासनाचे नियंत्रण कसे आहे ते आता पाहू. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीच्या कमाल रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा असे कळविले. पत्र हा कायदा नव्हे. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ मध्ये झाला आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. लोक तिला सीआरझेड म्हणून ओळखतात. अष्टागरची गावे तिच्यातील तिसऱ्या, म्हणजे ग्रामीण वर्गात आली. भरतीरेषेपासून दोनशे मीटर नवे बांधकाम नाही. दोनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात पारंपरिक हक्क व वहिवाट यांच्या मर्यादेत राहती घरे चालतील, पण तळमजला व एक मजला यांहून अधिक नाही, उंची नऊ मीटरपर्यंत, आणि गावातील घरांची एकूण संख्या होती त्याच्या दुपटीहून जास्त होता कामा नये. दोनशे मीटरच्या आत भूजल उपसण्यास बंदी. त्यापुढे साध्या विहिरीतून हाताने काढलेले पाणी पिण्यास, बागायतीस, शेतीस व मासेमारीस चालेल. हे कलम लिहिणाऱ्याला रहाटाची वाडी माहीत असावी असे वाटते.

हे नियमन नद्यांच्या मुखाशीही लागू होते. नर्मदेचे उदाहरण घ्या. भरूचजवळ खंबायतच्या आखाताला मिळताना तिच्यात भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवर तिचा काठ या नियमांत येतो. जबलपूरला ग्वारीघाटावर किंवा भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांपाशी तीच नदी, तिच्या काठी घर असावे अशी तीच हौस. पण पाण्याला खारेपणा नाही म्हणून ही अधिसूचना तेथे लागू नाही. कायद्याची रेषा पाण्याची चव पाहून ठरते.

अधिसूचनेचा दोष कठोरपणाचा नव्हता. १९९१ ते २००९ या काळात तिच्यात पंचविसाच्या आसपास दुरुस्त्या झाल्या, आणि बहुतेकींचा कल सवलत देण्याकडे होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल १९९६ च्या निकालात १९९४ च्या काही सवलती रद्द केल्या व राज्यांना किनारा व्यवस्थापनाचे आराखडे करावयास लावले. १९८९ मध्ये केंद्र सरकारने रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत किनाऱ्याच्या एक किलोमीटर पट्ट्यात उद्योगांना मनाई केली होती. मात्र पर्यटनाशी संबंधित उद्योगांचा अपवाद केला होता. कारखान्याच्या धुराड्यापासून मुरूडचा किनारा वाचला. पर्यटन हाही एक उद्योग आहे, त्यालाही पाणी आणि जमीन लागते, हा विचार त्या वेळी फारसा रूढ नव्हता. पुढे २०११ ची आणि १८ जानेवारी २०१९ ची अशा दोन नव्या अधिसूचना निघाल्या. शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक असलेल्या भागात, दोनशे मीटरची मर्यादा पन्नास मीटरवर आणली.

नियम मोडला तर विचारावयाचे कोणी? घराची नोंद ग्रामपंचायतीकडे, बिनशेतीची परवानगी महसूल खात्याकडे, किनाऱ्याची मंजुरी महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, विजेची जोडणी आणखी चौथ्याकडे. प्रत्येकाच्या कागदात घराचा एक तुकडा असतो. जुन्या घराच्या दुरुस्तीला मोकळीक असल्याने, पडक्या झोपडीचा घरक्रमांक दाखवून तिच्या जागी दुमजली बंगला उभा राहतो आणि कागदोपत्री तो दुरुस्तीच राहतो. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेच्या रूपाने जाते. ८ मार्च २०१९ रोजी किहीमच्या किनाऱ्यावर, परदेशी पळालेल्या एका हिरे व्यापाऱ्याचा प्रचंड बंगला जिल्हा प्रशासनाने सुरुंग लावून पाडला. यंत्रांनी तो पडेना, इतका पक्का होता. वर्तमानपत्रांत स्फोटाची छायाचित्रे झळकली. ज्याच्या बाजूने बोलावयास कोणी उरले नव्हते त्याचा बंगला पडला, असे कोणी म्हटले तर ते पूर्णपणे चूक ठरणार नाही.

तथापि पाडणे हा उपाय नव्हे. अलिबागची अनेक दुसरी घरे सर्व परवानग्या घेऊन, पाचशे मीटरच्या बाहेर, झाडे राखून बांधलेली आहेत. त्यांच्यामुळे माळी, गवंडी, सुतार, राखणदार यांना काम मिळते. खरी अडचण अशी की कायदा एका वेळी एकच घर पाहतो व समुद्रापासूनचे त्याचे अंतर मोजतो. सहाशे मीटरवरचे घर नियमांत बसते. पण तशी शंभर घरे एकाच भूजलावर बसली तर काय होईल, हे विचारण्याची जागा त्या अर्जात नाही.

इतर देशांनी हा प्रश्न गावाच्या पातळीवर सोडविण्याचा यत्न केला आहे. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१२ च्या सार्वमतात, कोणत्याही गावातील एकूण घरांपैकी वीस टक्क्यांहून अधिक दुसरी घरे असू नयेत हा प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर झाला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील सेंट आइव्हज या कोळ्यांच्या जुन्या गावाने मे २०१६ मध्ये मतदान घेऊन ठरविले की नवी घरे कायम राहणाऱ्यांसाठीच बांधावीत. त्याचाही उलटा परिणाम झालाच: बाहेरचे लोक नव्याऐवजी गावातील जुनी घरे विकत घेऊ लागले. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या कराच्या तिप्पट अधिभार बसविण्याचा अधिकार मिळाला आहे. हे मार्ग जसेच्या तसे आपल्याकडे उचलता येतील असे नाही. तेथे घर कायमचे की दुसरे हे आधी मोजलेले आहे.

आपल्याकडेही एक निराळी वाट कोकणातच दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी आलेले पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, ओसरीवर झोपतात, घरचे जेवतात. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या दिशेने सरपटते. समुद्रावरचा उजेड सोडून बंगल्याचे दिवे त्याला दिसले तर ते वाट चुकते. पाहुण्यासाठी वेगळे घर नाही, म्हणून किनाऱ्यावर वेगळा दिवाही नाही. २०१९ च्या अधिसूचनेने स्थानिक लोकांना, घराचे जोते व रूप न बदलता, अशी राहण्याची सोय करण्यास परवानगी दिली आहे.

अष्टागरला वेळास होणे आता शक्य नाही. पण तेथील पाणी मोजता येते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळी नोंदवीत आली आहे, आणि २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम उपशावर नियंत्रण घालण्याचे अधिकार देतो. ते अधिकार किनाऱ्यावर वापरावयाचे तर कोणत्या गावात किती घरे वर्षभर नांदती आहेत आणि किती केवळ पाणी ओढतात, हे आधी कळले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या करआकारणीच्या नोंदवहीला नमुना आठ म्हणतात. तीत मालकाचे नाव असते, घराचे क्षेत्रफळ असते, भिंत विटांची की मातीची हेही लिहिलेले असते. त्या घरात वर्षातले किती दिवस चूल पेटते, यासाठी तीत रकाना नाही.